अस्तरातली पेशी ओळखताना

जुन्नर तालुक्यात दिवसा डुलक्या घेणारा माणूस कुणाला आजारी वाटत नाही. त्याच्या डुलकीला कारणं तयार असतात. शेतीपंपाची लाईट रात्रीची आली की उसाला नाहीतर कांद्याला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. उसात बिबट्या असतो, म्हणून बॅटरी घेऊन आणखी एकजण बांधावर जागा राहतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोच्या गाड्या रात्री मुंबईची वाट धरतात. गाळप सुरू झालं की ‘विघ्नहर’ साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. अशा मुलखात पारावर किंवा एसटीच्या सीटवर कुणाची मान कलंडली, तर ‘रात्री झोप झाली नसेल’ म्हणून लोक पुढे जातात. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही असतं.

प्रश्न उरलेल्या माणसाचा आहे. तो रात्री आठ तास अंथरुणात असतो. इतका घोरतो की शेजारच्या खोलीतली माणसं दार लावून घेतात, आणि सकाळी उठतो तो डोकं जड घेऊनच. त्याच्या बायकोला विचारलं तर ती सांगते, मध्येच घोरणं थांबतं, श्वासही थांबतो, मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू होतो. घोरणं थांबलं की घरच्यांना हायसं वाटतं, पण काळजी करायची वेळ नेमकी तीच असते. हे सगळं डॉक्टरांना सांगायला ती क्वचितच सोबत येते, आणि आली तरी घोरण्याचं काय सांगायचं म्हणून संकोचते. स्वतः रुग्णाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्याचा घसा मुळात अरुंद आहे, मानेत चरबी साठली आहे, जबडा मागे आहे किंवा टॉन्सिल मोठे आहेत, त्याची श्वासाची वाट जिभेच्या मागे मिटते. छाती आणि पोट श्वास घ्यायची धडपड करत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त काळ श्वास बंद पडला, किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला, की ती एक घटना धरतात. तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, आणि तेही रात्रभर.

वैद्यकाने याची दखल उशिरा घेतली. झोपेत श्वासाची वाट मिटते हे १९६५ साली फ्रान्समधल्या गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीतल्या युंग व कूलो यांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मास्क बसवून हवेच्या हलक्या दाबाने घसा रात्रभर उघडा ठेवण्याचा उपाय जाहीर केला. आज ते यंत्र सीपॅप या नावाने ओळखलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात ३० ते ६९ या वयोगटातल्या ९३ कोटी ६० लाख लोकांना हा त्रास आहे आणि त्यांपैकी ४२ कोटी ५० लाख लोकांना तो मध्यम किंवा तीव्र आहे.

या पुस्तिकेचा विषय मात्र नाक, घसा किंवा यंत्र हा नाही. रात्रभर चाललेल्या या ओढाताणीची खूण शरीरात कुठे उमटते, ती डोळ्यांनी पाहता येते का, आणि पाहिली तर आपण नेमकं काय पाहिलं याची खात्री कशी करायची, एवढाच अरुंद प्रश्न पुढच्या पानांत आहे. उत्तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात सापडतं. ते अस्तर ज्या पेशींचं असतं त्या पेशी रुग्णाच्या हातातून काढता येतात. पण काढलेली पेशी अस्तराचीच आहे हे सिद्ध करणं काढण्यापेक्षा अवघड असतं. या क्षेत्रातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथेच आहे असं माझं मत आहे, म्हणून प्रस्तावनेतला मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

जुन्नर तालुक्यातल्याच येडगावच्या माणसाला अस्तर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. माणिकडोह, वडज आणि डिंभ्याचं पाणी येडगावच्या धरणात येतं आणि इथून कुकडीच्या डाव्या कालव्याने श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. कालव्याचं अस्तर उखडलं की पाणी मुरतं, कडेची शेतं चिबड होतात आणि शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही. रक्तवाहिनीलाही आतून असंच अस्तर असतं, अवघ्या एका पेशीच्या जाडीचं. तुलना मात्र इथेच सोडावी, कारण काँक्रीट निमूट पडून असतं आणि हे अस्तर सतत काम करतं. रक्तातून काय बाहेर जाऊ द्यायचं हे ते ठरवतं. रक्त वाहिनीत गोठू देत नाही. कुठे इजा झाली तर पृष्ठभागावर चिकट रेणू काढून पांढऱ्या पेशींना थांबवून घेतं. आणि वाहिनीभोवतीच्या स्नायूला सैल हो किंवा आवळ, अशा आज्ञाही देतं.

ही शेवटची गोष्ट कळायला १९८० साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन इथे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलीन दिलं की जिवंत प्राण्यात वाहिन्या सैलावतात, पण त्यांच्या प्रयोगातल्या पट्ट्या उलट आवळायच्या. तुकडे कापण्याची पद्धत बदलल्यावर निकालही बदलला, आणि मग लक्षात आलं की पूर्वी पट्टी तयार करताना आतला पृष्ठभाग घासला जात होता आणि अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत असेल तर वाहिनी सैलावते, नसेल तर आवळते. फर्चगॉट आणि झवादस्की यांचा हा निष्कर्ष त्याच वर्षी छापून आला. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झालं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. या वायूची ओळख पटवण्यात वाटा असलेल्या मोंकाडांचं नाव त्यात नव्हतं याची हळहळ अजूनही व्यक्त होते.

आता ॲप्नियाच्या रुग्णाची रात्र आठवा. ऑक्सिजन उतरतो, परत चढतो, पुन्हा उतरतो. उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसाचा ऑक्सिजनही कमी असतो, पण तो सलग कमी असतो आणि शरीर त्याला सरावतं. इथे दर काही मिनिटांनी टंचाई आणि मुबलकता यांची अदलाबदल होते, आणि प्रत्येक वेळी ऑक्सिजन परतताना सुपरऑक्साइडसारखे आक्रमक रेणू तयार होतात. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतं. त्यातून बनणारं पेरॉक्सिनायट्राइट पेशीतल्या प्रथिनांवर कायमची खूण करून जातं. त्या खुणेला नायट्रोटायरोसिन म्हणतात. शिवाय नायट्रिक ऑक्साइड बनवणारं जे विकर अस्तरात असतं, ज्याला ई-नॉस म्हणतात, तेही अशा स्थितीत कमी पडतं. वाहिनी सैल होण्याची क्षमता घटते, दाह वाढतो आणि रक्तदाब चढा राहतो. रोज रात्री हेच घडतं आणि वर्षानुवर्षं चालतं.

हे बाहेरून मोजायची एक पद्धत १९९२ पासून वापरात आहे. दंडाची धमनी अल्ट्रासाउंडवर पाहायची, हाताला पाच मिनिटं पट्टा आवळून रक्त अडवायचं, सोडल्यावर धमनी किती रुंदावते ते मोजायचं. निरोगी अस्तर वाढलेला प्रवाह ओळखतं आणि धमनी रुंद करतं. पद्धत चांगली आहे, पण ती अस्तराच्या कामाचा परिणाम दाखवते, पेशीच्या आत काय चाललंय ते दाखवत नाही. त्यासाठी पेशीच हाती लागायला हवी, आणि जिवंत माणसाच्या धमनीचा तुकडा कुणी कापून देत नाही.

इथे एक सोपी आणि धीट युक्ती कामी आली. हृदयाच्या तपासण्यांत रक्तवाहिनीतून बारीक तार सरकवतात, तिचं टोक इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं वळलेलं असतं. सलाइन लावताना टोचतात तशी सुई हाताच्या शिरेत टोचायची, त्यातून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची ही तार काही सेंटिमीटर आत न्यायची आणि परत ओढायची. वळलेलं टोक शिरेच्या आतल्या भिंतीला घासतं आणि अस्तराच्या पेशी त्याला चिकटून येतात. टोक द्रावणात बुडवून पेशी सुट्या करायच्या, तांबड्या पेशी फोडून टाकायच्या, उरलेलं काचपट्टीवर पसरून स्थिर करायचं. रुग्णाला सुई टोचल्याइतकाच त्रास होतो, दवाखान्यात राहावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाओलो कोलंबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत हृदयाच्या रुग्णांत वापरली, आणि तिथेच डॉ. सान्या येलिच यांच्या गटाने ती स्लीप ॲप्नियाकडे वळवली.

काचपट्टीवर मात्र नुसत्या अस्तराच्या पेशी नसतात. पांढऱ्या पेशी असतात, बिंबिका म्हणजे प्लेटलेट असतात, फुटलेल्या तांबड्या पेशींचा कचरा असतो, सुई शिरताना सोबत आलेली त्वचेची एखादी पेशीही असू शकते. पुस्तकातल्या चित्रात अस्तराची पेशी फरशीसारखी चपटी आणि लांबट दिसते. भिंतीवरून सुटली की ती आकसून गोल होते, आणि मग नुसत्या आकारावरून ती ओळखणं म्हणजे अंदाजपंचे.

म्हणून खूण लागते. सर्वांत जास्त वापरलेली खूण म्हणजे फॉन विलेब्रांड घटक. एरिक फॉन विलेब्रांड या फिनिश डॉक्टरांनी १९२६ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार वर्णन केला. पुढे त्या आजारात ज्या प्रथिनाची उणीव असते त्याला त्यांचं नाव मिळालं. १९६४ मध्ये वाइबेल आणि पॅलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पेशींत लांबट कांडीसारखे कण दिसले. ते याच प्रथिनाचे साठे आहेत हे नंतर उलगडलं. १९७३ मध्ये एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून अस्तराच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या, आणि हे प्रथिन त्या पेशी स्वतः बनवतात हे दाखवलं. या प्रथिनाला चिकटणारं आणि ठरावीक प्रकाशात चमकणारं प्रतिपिंड काचपट्टीवर टाकलं की अस्तराची पेशी उजळते.

तेवढ्यावर निकाल द्यावा तर फसगत होते. फॉन विलेब्रांड घटक बिंबिकांमध्येही भरलेला असतो. बिंबिकेला केंद्रक नसतं, म्हणून केंद्रक दाखवणारा दुसरा रंग सोबत टाकतात: केंद्रक आहे आणि हे प्रथिनही आहे, म्हणजे अस्तराची पेशी. पण पांढऱ्या पेशीला केंद्रक असतं, आणि तिला बिंबिका चिकटायची सवय असते. अशी जोडगोळी काचपट्टीवर आली की दोन्ही खुणा जुळतात आणि पेशी मात्र भलतीच असते. मग तिसरी खूण तपासायची: सीडी-४५ हे प्रथिन पांढऱ्या पेशींवर असतं, अस्तराच्या पेशींवर नसतं. इतर खुणांचीही हीच कथा आहे. सीडी-३१ अस्तरावर भरपूर असतं, पण बिंबिकांवर आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरही असतं. सीडी-१४६ अधिक निवडक, तरी वाहिनीला बाहेरून बिलगलेल्या पेशींवर आणि काही टी-पेशींवर ते सापडतं. पेशी अस्तराची ठरते ती काय आहे आणि काय नाही, दोन्ही एकत्र पाहून.

पेशी तारेने न काढता नुसत्या रक्तात शोधल्या तर अडचण आणखी वाढते. अस्तरावरून निसटलेल्या काही पेशी रक्तात फिरत असतात. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात पांढऱ्या पेशी ४० लाख ते १ कोटी १० लाख असतात. अस्तराच्या सुट्या पेशी तेवढ्याच रक्तात मोजक्या, एक आकडी किंवा फार तर थोड्या जास्त. लाखात एकही चूक होत असेल तर मोजणीचा आकडा चुकांचाच होतो. शिवाय या निसटलेल्या पेशी बहुधा मरणपंथाला लागलेल्या असतात. किती गळल्या हे त्या सांगतील, भिंतीवर टिकून राहिलेल्या पेशींची प्रकृती कशी आहे ते सांगणार नाहीत. तारेची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते ती यासाठी.

ओळख चुकण्याची किंमत किती मोठी असते याची दोन उदाहरणं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९० च्या सुमारास जपानमध्ये नाळेच्या अस्तरातून आपोआप अमर झालेली एक पेशीमालिका मिळाल्याचं जाहीर झालं. ईसीव्ही-३०४ हे तिचं नाव. वाढवायला सोपी म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली आणि अस्तराविषयीचे निष्कर्ष तिच्यावर बेतले. १९९९-२००० च्या सुमारास डीएनए तपासलं तेव्हा ती मूत्राशयाच्या कर्करोगाची टी-२४ ही जुनीच मालिका निघाली. पेशींची जात तपासून, नोंदवून, शुद्ध ठेवून संशोधकांना पुरवणं हे त्यामुळेच वेगळं काम मानतात. आपल्याकडे ते पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात चालतं.

दुसरं उदाहरण ॲप्नियाच्या अगदी जवळचं आहे. १९९७ मध्ये बॉस्टनमध्ये असाहारा आणि इस्नर यांच्या गटाने दाखवलं की प्रौढ माणसाच्या रक्तात अस्तराची डागडुजी करू शकणाऱ्या पूर्वज पेशी असतात. मोठी खळबळ उडाली. रक्तातून त्या मोजणं सोपं वाटलं आणि मधुमेह, धूम्रपान, हृदयविकार, ॲप्निया, जिथे तिथे त्यांची मोजदाद सुरू झाली. काही वर्षांनी कळलं की त्या नावाखाली मोजल्या गेलेल्या पुष्कळशा पेशी खरं तर रक्तपेशींच्याच कुळातल्या होत्या, आणि स्वतः अस्तर बनू शकणारी पेशी वेगळी आणि अत्यंत दुर्मिळ आहे. ॲप्नियाच्या रुग्णांत पूर्वज पेशी घटतात असं काही अभ्यास सांगतात, काही सांगत नाहीत. प्रत्येकाने ‘पूर्वज पेशी’ म्हणून नेमकं काय मोजलं ते आधी पाहिलं की हा विरोध तितकासा गूढ राहत नाही.

येलिच यांच्या गटाचा अभ्यास २००८ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. नव्याने निदान झालेले आणि उपचार न घेतलेले ॲप्नियाचे रुग्ण एका बाजूला, ॲप्निया नसलेले लोक दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांच्या हातातल्या शिरेतून तारेने पेशी काढल्या, फॉन विलेब्रांड घटकावरून त्या ओळखल्या आणि मग त्यांच्या आत पाहिलं. रुग्णांच्या पेशींत ई-नॉस आणि त्याचं कार्यरत रूप कमी होतं. नायट्रोटायरोसिन जास्त होतं. दाहाशी संबंधित कॉक्स-२ आणि आय-नॉस ही प्रथिनंही जास्त होती. चमक मोजताना दिवसागणिक रंग कमी-जास्त चढतो, म्हणून प्रत्येक वेळी नाळेच्या वाढवलेल्या पेशींची काचपट्टी शेजारी रंगवून तिच्याशी तुलना केली. मग चार आठवडे सीपॅप. जे रुग्ण ते रोज किमान चार तास लावत होते, त्यांच्या पेशींतलं चित्र बऱ्याच अंशी पालटलं. म्हणजे अस्तराचं हे नुकसान, निदान या टप्प्यावर, परतवता येण्यासारखं होतं.

शंका घेणारा लगेच विचारेल की ॲप्नियाचे रुग्ण बहुधा जाड असतात, तर हा परिणाम जाडीचा कशावरून नाही? त्याच गटाने २०१० मध्ये लठ्ठपणा आणि ॲप्निया वेगळे काढून पाहिले आणि पेशींतल्या दाहाचं माप ॲप्नियाच्या बाजूला झुकलं. २०१६ मध्ये त्यांना आणखी एक धागा मिळाला. सीडी-५९ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर राहून शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक माऱ्यापासून तिला वाचवतं. रुग्णांच्या पेशींत ते पृष्ठभाग सोडून आत ओढलं गेलेलं होतं. यात कोलेस्टेरॉलचा हात असल्याने, ते उतरवणारं स्टॅटिन औषध घेणाऱ्या रुग्णांत हे कमी दिसलं. एखादं प्रथिन पेशीत आहे एवढं पाहून भागत नाही, ते पेशीत कुठे आहे हेही पाहावं लागतं. हातात अख्खी पेशी असल्याशिवाय हे कळण्याचा मार्ग नव्हता.

आपल्या भागासाठी मला याहून महत्त्वाचा वाटतो तो कोलंबियातच झालेला २०२३ मधला अभ्यास. त्यात ॲप्निया नव्हता. एरवी पुरेसं झोपणाऱ्या निरोगी स्त्रियांना सहा आठवडे रोज साधारण दीड तास उशिरा झोपायला सांगितलं, आणि तारेने काढलेल्या अस्तराच्या पेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढलेला दिसला. दीड तास म्हणजे काय? दारं धरणाऱ्या माणसाचं त्याहून जास्त जागरण एका पाळीत होतं. पहाटे उठून गोठा आवरणाऱ्या, डबे करणाऱ्या आणि रात्री सगळ्यांनंतर पाठ टेकणाऱ्या बाईचं तर बारा महिने होतं. झोप कमी मिळणं आणि झोपेत श्वास अडणं हे दोन वेगळे मार्ग अस्तराच्या एकाच जागी येऊन पोचतात. ज्याला दोन्ही आहेत, त्याच्या डुलकीचं कारण रात्रीची लाईट आहे असं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे.

शिरेच्या पेशींवरून धमनीविषयी किती बोलायचं, हा या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा आहे. झटका येतो तो धमनीच्या आजाराने, आणि पेशी मिळतात त्या शिरेच्या. दोन्हीकडून एकच रक्त फिरतं, तेच ऑक्सिजनचे चढउतार होतात, तरी दाब आणि प्रवाह वेगळे असतात. शिवाय पेशी सुधारली म्हणजे माणूस वाचला असंही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत भारतासह सात देशांतले २,७१७ लोक होते, सगळे हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले. सरासरी ३.७ वर्षं पाठपुरावा झाला आणि सीपॅपमुळे झटके किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. घोरणं आणि दिवसाची झोप मात्र कमी झाली, मनःस्थितीही सुधारली. यंत्र लावण्याची सरासरी रात्रीला ३.३ तास होती, म्हणजे ज्या चार तासांच्या वापरानंतर पेशी सुधारल्या होत्या त्याहून कमी. या एका आकड्यात सगळं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या धमन्या आधीच बिघडल्या आहेत त्यांना उपचार उशिरा पोचला, हीसुद्धा एक शक्यता आहे. पण अस्तराची चार आठवड्यांत दिसणारी सुधारणा आणि जवळपास चार वर्षांतही न दिसणारा फायदा यांच्यामधली जागा अजून मोकळी आहे, आणि ती लपवणाऱ्या लिखाणापासून वाचकाने दूर राहावं.

हा आजार आपल्याकडे किती आढळतो, याचा एक आकडा मुंबईचा आहे. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये मांडलं की त्यांच्यात झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्के आहे, आणि त्यासोबत दिवसाची झोप धरली तर ७.५ टक्के. बीएमआय, मानेचा घेर आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध दिसला. हे शहरातले, तपासणीला पैसे मोजणारे पुरुष होते. येडगावच्या कष्टकऱ्याला ‘मी कुठे जाड आहे’ असं वाटेल, तर त्याने पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवावं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या युडकिन यांनी स्वतःचंच छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा सारखाच आणि आतला माणूस वेगळा.

एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. ‘रक्तवाहिनीच्या अस्तराची तपासणी’ अशा नावाची पाकिटं आज ना उद्या शहरातल्या प्रयोगशाळा विकू लागतील. ॲप्नियाच्या रुग्णाला आज अशा तपासणीची गरज नाही. तारेने पेशी काढून रंगवणं हे संशोधनाचं साधन आहे, त्यात ‘नॉर्मल’ची सर्वमान्य रेघ अजून आखलेली नाही. मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याला मी खोडदची आठवण करून देईन. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस थाळ्या आपल्या शेतांमध्ये उभ्या आहेत. त्यांनी आपल्या टोमॅटोचा भाव वाढवला नाही, आणि तरीही त्या काय ऐकतात हे विचारायला आपण पोरांना तिथे घेऊन जातोच.

रुग्णासाठी मार्ग साधा आहे. जोरात घोरणं, श्वास थांबल्याचं दुसऱ्याने पाहिलेलं असणं, दिवसा आवरत नाही अशी झोप, औषधांनी न उतरणारा रक्तदाब, पुरुषाच्या मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे. यांतल्या दोन-तीन गोष्टी जमल्या तर झोपेची तपासणी करून घ्यावी. वाहन चालवणाऱ्याने ती टाळू नये. करोनाच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत पडून आहे. त्यावर दिवसा ९७ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, जाग्या माणसाचा घसा मिटत नसतो. डॉक्टरांकडे जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावं.

पुढच्या पानांतल्या छायाचित्रांविषयी थोडं. त्यांतले हिरवे, लाल, निळे हे पेशींचे स्वतःचे रंग नाहीत. कोणत्या प्रथिनाला कोणता रंग द्यायचा हे संशोधक ठरवतो, आणि दोन प्रयोगशाळांचे रंग उलटसुलट असू शकतात. त्यामुळे चित्राखालची ओळ आधी वाचावी. मग नाळेच्या पेशींची तुलनेसाठी घेतलेली काचपट्टी पाहावी आणि रुग्णाची त्यानंतर. आणि ज्या चित्रात एकच खूण दाखवून ‘ही अस्तराची पेशी’ असं लिहिलेलं असेल, तिथे दुसरी खूण कोणती तपासली होती हे जरूर विचारावं.